अस्सल कॉन्टेसा म्हणजे नेमकी कोणती?

मराठी वाचकाला धार आणि देवास म्हटले की पवारांच्या गाद्या, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या, टेकडीवरची देवी आणि कुमार गंधर्व आठवतात. धार जिल्ह्यातले पिथमपूर या यादीत सहसा येत नाही. वास्तविक फिरोदियांची कायनेटिक होंडा इथे बनली, बजाज टेम्पोची ट्रॅक्स इथे बनली, आणि हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसात बसणारी इसुझू बनावटीची इंजिने आणि गिअरबॉक्स इथल्याच कारखान्यातून गेले. गाडी जुळायची कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला, पण तिचा जीव धार जिल्ह्यातला होता. २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली. लांबलचक बॉनेट, रुंद बसकी ठेवण आणि मागच्या चाकांना जाणारी ताकद यांमुळे तिला ‘भारताची मसल कार’ हे नाव पडले, आणि आता ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत मानाने उभी राहू लागली आहे. तिथे उभी करायची तर ती कारखान्याच्या मूळ भागांनीच घडवावी का, हा वाद वरवर हौशी लोकांचा वाटतो. तो तेवढाच नाही, म्हणून इथे दोन आवाजांत मांडतो. देवासकर प्रदर्शनासाठी गाडी तयार करतो आणि मूळ भागांबाबत तडजोड मानत नाही. धारकरांचे आयुष्य इंजिनांच्या कामात गेले आहे. नात्याने पुतण्या आणि काका. दोघेही कल्पित आहेत, त्यांची मते मात्र या क्षेत्रात रोज ऐकू येणारी आहेत. माझे मत मी जागोजाग देईन.

देवासकर: काका, स्पर्धा म्हटली की मोजमाप आलं, आणि मोजमाप करायला कुठून सुरुवात करायची ते पक्कं हवं. माझ्या मते ते एकच, गाडी कारखान्यातून बाहेर पडली तो दिवस. त्या दिवशी तिच्यावर होतं ते अस्सल, नंतर चढलं ते उपरं. ही रेघ पुसली की कुठे थांबायचं ते कळत नाही. आज कॉन्टेसा कुणाच्या हाती लागली की आधी रुंद अलॉय चढतात, मग बॉनेट कापून त्यावर स्कूप बसतो, मग जपानी गाडीचं मोठं इंजिन येतं, आणि मालक म्हणतो, आता झाली खरी मसल कार. अमेरिकेत हे आधीच घडून गेलंय. तिथे या गाड्यांचं युग १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मोजतात. मधल्या आकाराच्या बॉडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे सहा लिटरहून मोठं व्ही-एट इंजिन. पोरांनी त्या गाड्या पळवल्या, कापल्या, बदलल्या. पुढे दुर्मीळ झाल्या तेव्हा मूळ गाडी कशी होती हे शोधत माणसं बसली. कॉर्व्हेट या एकाच गाडीसाठी तर १९७४ मध्ये खास संस्थाच निघाली. तिचे परीक्षक बोल्टच्या डोक्यावरची खूण, होजचा क्लॅम्प, रंगाचा थर, सगळं पाहतात, आणि गाडी कारखान्यापेक्षा जास्त चकचकीत केलीत तरी गुण कापतात. त्या हट्टामुळेच ती माहिती आज शिल्लक आहे. कॉन्टेसासाठी हा हट्ट आत्ता धरला नाही, तर ती मुळात कशी होती हे सांगणारी एकही गाडी पुढे उरायची नाही.

धारकर: तुझा हट्ट मला पटतो. फक्त तो दिवस कोणत्या कॉन्टेसाचा, ते सांग. मुळात साचा इंग्लंडचा, व्हॉक्सॉलच्या व्हिक्टरचा. ती गाडी तिकडे १९७८ पर्यंत चालली आणि बंद झाली. साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले, आणि १९८४ मध्ये कॉन्टेसा बाजारात आली तेव्हा आत अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन होतं. पन्नासेक हॉर्सपॉवर आणि चार गिअर. एवढ्या अंगाच्या गाडीला ते ओढताना धाप लागायची. मग इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, ८८ च्या आसपास हॉर्सपॉवर आणि पाच गिअर, आणि गाडीचं नाव झालं क्लासिक. पुढे दोन लिटरचं डिझेल आलं. आता यात मालकांची भर धर. ज्याच्याकडे बीएमसीवाली होती त्याने इसुझू बसवून घेतलं. ज्याला पेट्रोल परवडेना त्याने डिझेल बसवलं, आरटीओत नोंद करून, आरसीवर चढवून. ती गाडी पंचवीस-तीस वर्षं तशीच चालली. तिला तू उपरी म्हणणार?

देवासकर: म्हणणार, काका. ती वापराची गाडी म्हणून चांगली असेल, पण प्रदर्शनात ती कसली साक्ष देणार?

इथे मला थांबून सांगावेसे वाटते की देवासकराने योग्य शब्द वापरला आहे, पण तो शब्द त्याच्याच विरुद्ध जातो. जुन्या गाडीचा मूळ भाग मोलाचा का, याचे उत्तर ‘साक्ष’ हेच आहे. तो भाग कोणत्या धातूचा, कसा ओतला, कोणत्या पुरवठादाराकडून आला, किती वर्षे टिकला, हे तो स्वतः सांगतो. हे मान्य केले तर मालकाने १९९० च्या दशकात बसवून घेतलेले डिझेल इंजिनही साक्षच देते. पेट्रोल-डिझेलच्या भावांतल्या तफावतीने मध्यमवर्गीय माणसाला काय करायला लावले, आयातीवर निर्बंध असलेल्या देशात एक गाडी कशी जगवली गेली, हे त्या इंजिनावर लिहिलेले असते. ते काढून त्या जागी ‘योग्य’ इंजिन बसवले की गाडी कारखान्याच्या दिवसाकडे परत जाते आणि मधली तीस वर्षे पुसली जातात. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, हा विचार फार पूर्वी केला आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या वर्गवारीत कारखान्याच्या रूपातली गाडी ‘ए’ वर्गात येते, आणि तिच्या काळातच बदललेली गाडी ‘बी’ वर्गात. दोन्ही ऐतिहासिक मानल्या जातात. तिथे काळाबाहेरच्या बदलांना मात्र वेगळा वर्ग आहे. कापलेल्या बॉनेटवरचा स्कूप तिकडे जाईल, आणि त्याबद्दल माझी देवासकराशी तक्रार नाही.

आपला कायदा इतका विचारी नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांना पहिल्यांदा स्वतंत्र ओळख दिली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठी उलथापालथ न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ती व्हिंटेज, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनातला बदल ही उलथापालथ. नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन वा देखभाल एवढ्यापुरतीच. १९८४ ची पहिली कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. पिथमपूरची पहिली कायनेटिक होंडाही त्याच वर्षी. तोवर ही वाहने ना नवी ना व्हिंटेज. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि दिल्ली परिसरात तर दहा वर्षांवरचे डिझेल आणि पंधरा वर्षांवरचे पेट्रोल वाहन रस्त्यावर आणायलाच बंदी होती. त्यामुळे मूळ भागांचा वाद फक्त चषकाचा राहत नाही. २०३४ मध्ये कोणत्या कॉन्टेसाला कायदा ‘मूळ’ म्हणेल आणि कोणती भंगारात जाईल, हे आज ठरणाऱ्या व्याख्येवर अवलंबून आहे.

देवासकर: म्हणूनच तर मी मूळ इंजिनासाठी धडपडतो. कायद्यालाही तेच हवंय.

धारकर: मग तुझ्या इंजिनाकडेच येऊ. तू कुठून आणणार?

या प्रश्नावर देवासकराला सहज उत्तर देता येत नाही, आणि मला वाटते संपूर्ण वादाचा कणा हाच आहे. बंद पडलेल्या गाडीचा मूळ भाग तीन ठिकाणांहून येतो. एक, दुकानाच्या माळ्यावर डब्यातच राहून गेलेला कोरा माल. दोन, कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, पुण्याचा जुना बाजार इथला काढीव माल. तीन, सरळ दुसरी गाडी. कोरा माल संपत चालला आहे. बाजारातला काढीव माल म्हणजे आधीच कुणीतरी तोडलेली गाडी. आणि तिसऱ्या वाटेत तोडणारे आपणच. प्रदर्शनाच्या दर्जाची एक कॉन्टेसा उभी करायला ‘पार्ट्ससाठी’ म्हणून आणखी एक-दोन घेऊन ठेवण्याची रीत या छंदात सर्रास आहे. दारे एकीची बरी, बंपर दुसरीचा सरळ, डॅशबोर्ड तिसरीचा न तडकलेला. शेवटी जी गाडी गालिच्यावर उभी राहते तिच्या प्रत्येक भागावर कारखान्याचा शिक्का असतो, परीक्षक खूश होतात, आणि जिच्यामुळे हे जमले ती दुसरी गाडी जगातून गेलेली असते. गाडी लाखोंनी बनली असती तर हे खपले असते. कॉन्टेसा तशी नाही. ती तिच्या काळी महागडी, मोजक्या घरांची आणि सरकारी अधिकाऱ्यांची गाडी होती. मूळ भागांचा आग्रह वारशाच्या नावाने धरायचा आणि त्याच आग्रहापोटी वारशाची संख्या घटवायची, याचे समर्थन मला करता येत नाही.

देवासकर: काका, हे ऐकायला वाईट वाटतं, पण उलट बाजूही पाहा. ती दुसरी गाडी कुठल्या तरी गोठ्यामागे सडतच होती. खालचा पत्रा गेलेला, स्पेअर चाकाच्या खोबणीत पाणी साचून भोक पडलेलं, कागद हरवलेले. मी तिचे चांगले भाग वाचवले नसते तर कबाड्याने किलोवर तोलून नेली असती. तिच्यातलं जे वाचलं ते माझ्या गाडीत जिवंत आहे.

धारकर: कागद हरवलेली, चासी गळालेली असेल तर ने, मी अडवणार नाही. पण बऱ्याचदा ती गाडी तितकी मेलेली नसते. तुझ्या मापाने ती प्रदर्शनाच्या लायकीची नसते, एवढंच.

यावर देवासकर एक तोडगा सुचवतो, आणि तो ऐकण्याजोगा आहे. अ‍ॅम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्येही इसुझूचे तेच १.८ लिटरचे इंजिन असे. त्या गाड्या भंगारात गेल्या तेव्हा त्यांची इंजिने बाजारात आली. बनावट तीच, कारखाना तोच पिथमपूरचा. ते कॉन्टेसात बसवले तर कॉन्टेसा तोडावी लागत नाही. देवासकर त्याला मूळ भाग म्हणतो, आणि इथे त्याची स्वतःची व्याख्या डगमगते. हे इंजिन कारखान्याचे आहे, पण या गाडीचे नाही. मूळपणाचे हे दोन वेगळे अर्थ आहेत, भाग त्या जातीचा असणे आणि भाग त्याच गाडीचा असणे, आणि प्रदर्शनांत ते सर्रास एकत्र मिसळले जातात. अमेरिकेत ही गल्लत टाळायला आकडे आले. १९६८ पासून जनरल मोटर्स इंजिन आणि गिअरबॉक्सवर गाडीच्या ओळख क्रमांकाचा अंश ठोकू लागली, म्हणून त्यानंतरच्या गाड्यांत इंजिन त्याच गाडीचे आहे का हे ताडून पाहता येते. पण जुळणाऱ्या आकड्यांना पैसा मिळू लागल्यावर खोटे आकडेही निघाले.

हे खोटे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. इंजिनाच्या ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात. ओतकामातच आलेला आकडा उठावदार असतो, तो साच्याचा. गाडीनिहाय क्रमांक मात्र नंतर सपाट केलेल्या छोट्या पट्टीवर पंचने ठोकलेला, खोलगट असतो. ती पट्टी कारखान्यात मशीनवर सपाट होते, तेव्हा तिच्यावर केसासारख्या बारीक समांतर रेघा उमटतात. आकडा बदलायचा तर जुना घासावा लागतो, आणि घासला की त्या रेघा जातात. म्हणून जाणकार परीक्षक आधी आकडा वाचत नाही, टॉर्च आडवी धरून रेघा पाहतो. मग बनावट करणाऱ्यांनी रेघाही पुन्हा ओढायला सुरुवात केली. ज्या गोष्टीला बक्षीस, तिची नक्कल होणारच. त्यात गंभीर नुकसान असे की खोटा आकडा ठोकताना खरा आकडा कायमचा जातो. ज्या इंजिनाला स्वतःची खरी हकीकत होती, ते दुसऱ्याची खोटी हकीकत सांगू लागते. भारतात तर चासी किंवा इंजिन क्रमांकाशी छेडछाड केली की गाडीच्या नोंदणीवरच गदा येते, हे हौशी लोकांनी वेळीच ध्यानात घ्यावे.

धारकर: आमच्या धारला लाट मशिदीपाशी लोखंडी लाट पडलीये, तू पाहिलीस. तीन तुकडे. सगळे धरले तर तेरा मीटरच्या आसपास लांबी, वजन सात टनांच्या घरात. पुरातत्त्ववाल्यांनी तिला ओट्यावर नीट आडवं ठेवलं, पण जोडून उभं केलं नाही. चौथा तुकडा असणार असं मानतात, त्याच्या जागी नवा ओतूनही घातला नाही. म्हणून आज धातुशास्त्राचा माणूस येऊन बघू शकतो, की लोखंडाचे लहान गोळे तापवून ठोकून एकात एक कसे मिसळले. जोडून, घासून, रंगवून उभी केली असती तर फोटो छान आले असते आणि अभ्यासाला काही उरलं नसतं.

देवासकर: लाटेला रस्त्यावर पळायचं नाही, काका. गाडी पळाली नाही तर ती गाडीच नव्हे. तिचे ब्रेक लागायला हवेत, इंजिन तापता कामा नये. तुम्ही तुकडे ओट्यावर मांडा, मला ती चावी फिरवल्यावर सुरू व्हायला हवी.

हा आक्षेप बिनतोड आहे. गाडीचा अर्थ चालण्यात आहे, आणि न चालणाऱ्या गाडीचे अस्सलपण अर्धेच, हे मला मान्य आहे. कॅलिफोर्नियात १९५० पासून भरणाऱ्या पेबल बीचच्या स्पर्धेत आदल्या काही दिवसांत रस्त्यावरचा लांब दौरा ठेवतात, आणि वर्गात दोन गाड्यांचे गुण समान झाले तर दौरा पूर्ण करणारीला झुकते माप मिळते. आपल्याकडेही हे यायला हवे. पिथमपुरात ११.३ किलोमीटरचा नॅट्रॅक्सचा वेगवान चाचणीमार्ग २०२१ मध्ये सुरू झाला, तिथून हाकेच्या अंतरावर बनलेल्या इंजिनांच्या गाड्या वर्षातून एकदा त्याच्या आसपास चालवून दाखवता आल्या तर त्याहून योग्य जागा नाही. पण गाडी चालली पाहिजे म्हटले की मूळ भागांचा कडक आग्रह पहिल्याच वळणाला मोडतो, आणि मोडणारे कारण पेट्रोल आहे.

बीएमसीचे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला झीज होऊ देत नसे. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर त्या ओतीव लोखंडाच्या मूळ बैठका जोरात चालवल्यावर खचू लागतात. टिकाऊ उपाय म्हणजे हेड उतरवून मशीनवर बैठक कापायची आणि कडक पोलादाची रिंग बसवायची. ती रिंग मूळ नाही, पण तिच्याशिवाय मूळ हेड टिकत नाही. आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. जुन्या काळच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधली पॅकिंग इथेनॉलने फुगतात वा ठिसूळ होतात, आणि टाकीत साचणारे पाणी पत्र्याला आतून गंजवते. डब्यातल्या कोऱ्या रबराचेही तसेच. ब्रेकची होज किंवा मास्टर सिलिंडरची किट १९८८ ची असेल तर ती एकदाही वापरलेली नसली तरी रबर म्हातारे झालेले असते. ब्रेक आणि क्लचच्या त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. मूळ लायनिंग बसवून ड्रमची धूळ हवेच्या झोताने उडवणाऱ्या मिस्त्रीच्या फुफ्फुसांची किंमत कोणत्याही गुणपत्रिकेत धरलेली नसते. या बाबतीत मला दोन बाजू दिसत नाहीत. रबर, लायनिंग, टायर आणि इंधनाची वाट नवी असावी आणि तिचे गुण कापू नयेत.

देवासकर: ठीक, जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे मी हट्ट सोडतो. पण काका, तुमचं म्हणणं पुढे नेलं तर उद्या कुणीही लेथवर भाग करून आणेल आणि म्हणेल, मूळ मिळत नव्हता. मग माझ्यासारख्याने चार वर्षं एका बीडिंगसाठी घालवायची कशाला?

धारकर: लेथवर भाग करणाराही काही कमी नाही. देवासला किर्लोस्करांचे पंप बनतात, आमच्याकडे गिअर कापणारी, हेड ग्राइंड करणारी माणसं आहेत. त्यांतल्या काहींनी याच इंजिनांवर हात बसवलेत. त्यांनी केलेला वॉटर पंपाचा दांडा हा तुझ्या मायापुरीच्या भंगारापेक्षा या गाडीच्या जास्त जवळचा नाही का? फक्त त्याच्यावर खूण हवी. कुणी केला, कधी केला, ते कोरलेलं हवं.

धारकरांच्या या शेवटच्या वाक्यात माझ्या मते सारा तोडगा आहे, आणि त्याला जगात मान्यताही आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसला सनद झाली. तिच्याच धर्तीवर फिवाने जुन्या वाहनांसाठी तुरिनची सनद स्वीकारली. तिचे सूत्र असे की जुने शक्यतो जपावे, लागेल तेवढेच दुरुस्त करावे, वाहनाच्या आयुष्यात झालेल्या काळसुसंगत बदलांना त्याच्या इतिहासाचा भाग मानावे, आणि नवा घातलेला भाग नवा आहे हे ओळखता यावे, त्याची नोंद राहावी. यात मूळ भागाचा मान कमी होत नाही. देवासकराने चार वर्षे शोधून आणलेली बीडिंग बक्षिसाला पात्रच आहे, कारण त्या शोधातून मूळ बीडिंगचे माप, कड आणि खूण यांची माहिती मिळाली. तीच माहिती त्याने लिहून ठेवली तर पुढच्या मालकाला बीडिंग बनवून घेता येईल आणि दुसऱ्या गाडीचे दार उघडे पाडावे लागणार नाही. लिहून न ठेवता नुसती बसवली तर शोध त्याच्याबरोबर संपतो. मूळ भाग वापरणे आणि मूळ भागाचे ज्ञान जपणे यांतले दुसरे मला जास्त मोलाचे वाटते, आणि गुणपत्रिकेत त्यालाच वरचे स्थान असावे.

यावर एक रास्त शंका येते की परीक्षकाला एका गाडीपाशी किती वेळ मिळतो, आणि कागदपत्रे खोटी करता येत नाहीत का. येतात. पण एका खोट्या आकड्याला टिकून राहणे सोपे असते. पन्नास नोंदींची वही, जुने फोटो, आरसीवरचे शेरे, गॅरेजच्या पावत्या, काढलेले जुने भाग पिशवीत चिठ्ठी लावून जपलेले, इतके सगळे एकमेकांशी जुळते ठेवून खोटे करणे फार कठीण. इंजिनाच्या पट्टीसारखी एकच जागा तपासण्यापेक्षा हा पुरावा अधिक भक्कम आहे. दुसरी शंका प्रेक्षकांची. रविवारी सकाळी पोराला खांद्यावर घेऊन आलेला माणूस चकचकीत क्रोम बघायला येतो, वही वाचायला नाही. खरे आहे, आणि त्याचा तो आनंद मला क्षुल्लक वाटत नाही. पण दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासून सुरू आहे, आणि तिच्यात लोक रंगावर टाळ्या वाजवतात तशाच धूर सोडत, खडखडत शेवटपर्यंत गेलेल्या गाडीसाठीही वाजवतात. लोकांना गाडीची हकीकत सांगितली तर ती ऐकायला आवडते. काचेवर पानभर कागद लावला तरी पुरतो: कोणत्या साली कुठे बनली, कोणत्या गावांत चालली, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले.

देवासकर: मग एवढंच सांगा, आरसीवर डिझेल चढवलेल्या त्या गाडीचं २०३४ मध्ये काय? कायदा इंजिनातला बदल म्हणजे उलथापालथ म्हणतो. तुम्ही कितीही सनदा वाचा, आरटीओ नियम वाचेल.

धारकर: नियम बदलायला वेळ आहे. तुमच्या क्लबांनी आत्तापासून मागणी लावून धरा.

देवासकर: काय मागायचं? ‘जुने बदल चालवून घ्या’ म्हटलं की कालचं जपानी इंजिनही जुनं होईल.

या प्रश्नाला रेघ लागते, आणि देवासकराने सुरुवातीला मागितलेली पक्की जागा इथे त्याला मिळू शकते, फक्त ती कारखान्याच्या दारापासून थोडी पुढे सरकते. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ मध्ये संपले. तोवर कारखान्याने स्वतः एकाच बॉडीत बीएमसी, इसुझू पेट्रोल आणि इसुझू डिझेल अशी तीन इंजिने बसवली होती. त्या मुदतीत, कारखान्याने याच गाडीला किंवा तिच्या सख्ख्या अ‍ॅम्बेसेडरला दिलेले इंजिन मालकाने बसवून आरसीवर नोंदवले असेल, तर ते मूळ स्वरूपातच धरावे. त्या मुदतीनंतरचे, किंवा बाहेरच्या गाडीचे इंजिन असेल, तर धरू नये. आरसीवरची तारीख कुणाच्या आठवणीवर सोपवलेली नसते, म्हणून ही रेघ परीक्षकालाही वापरता येईल आणि आरटीओलाही.

देवासकर: २००२ मला चालेल. पण नोंद न करता बदललेल्या गाड्यांचं काय? त्या तर जास्त असतील.

धारकर: त्यांच्या इंजिनावरचा क्रमांक घासू नका, आहे तसाच राहू दे. पिथमपुरातून कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतची इंजिनं कोणत्या वर्षी गेली, हे जुळवता आलं तर निदान इंजिन २००२ च्या आतलं आहे एवढं तरी सिद्ध होईल. कधी बसवलं ते पावत्या शोधून ठरवावं लागेल. क्रमांक जमवायला मालकांनी फोटो पाठवले पाहिजेत, आणि त्या लाइनवर काम केलेली माणसं आहेत तोवर त्यांना विचारलं पाहिजे. तुझ्या इंजिनाचा क्रमांक आधी घे.

देवासकर: घेतलाय, काका. फक्त माझं इंजिन अ‍ॅम्बेसेडरचं निघालं, तर ते मी गुणपत्रिकेत लिहायचं का?

धारकर: पहिल्या ओळीत.